सायलेन्सर फुंकतोय? नवीन घेण्याआधी घरी एवढं करून बघा

सकाळी थंड गाडीला किक मारली की इंजिनाच्या पुढून 'फुस-फुस' असा बारीक आवाज येतो. दहा मिनिटं गाडी पळाली, लोखंड तापून फुगलं, की आवाज बराचसा दबतो आणि आपण विसरून जातो. मग एक दिवस उतारावर अ‍ॅक्सिलेटर सोडला की मागून फटाके वाजायला लागतात. गॅरेजमध्ये नेली तर उत्तर ठरलेलं असतं: "सायलेन्सर गेला, नवीन टाका."

पुष्कळदा सायलेन्सर धडधाकट असतो. गेलेलं असतं ते इंजिनाच्या तोंडाशी बसणारं पॅकिंग, शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाडीला सहसा शंभर रुपयांच्या आत येणारं. मी कोकणात राहतो. इथे चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा, त्यामुळे सायलेन्सरच्या कटकटी आमच्याकडे जरा लवकरच सुरू होतात. ज्यांनी आजवर हातात पाना धरलेला नाही, अशांनाही हे काम जमावं म्हणून सगळं सुरुवातीपासून लिहितोय. डोळ्यांसमोर धरली आहे ती आपली रोजची एक सिलिंडरची फोर-स्ट्रोक गाडी.

आधी नावं समजून घेऊ, म्हणजे दुकानात मागताना अडणार नाही. आपण सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो, पण इंजिनाच्या हेडमधून (सिलिंडरवरच्या झाकणासारख्या भागातून) निघून खाली वळतो तो बेंड पाइप. मागचा जाड, पोटाचा भाग म्हणजे खरा सायलेन्सर. त्याच्या आत पत्र्याचे पडदे आणि नळ्या असतात. बेंड पाइप हेडला जिथे भिडतो तिथे आत गोल रिंगेसारखं पॅकिंग असतं. बाहेरून फ्लँज, म्हणजे दोन भोकांची जाड पट्टी, आणि तो हेडमधून आलेल्या दोन स्टडवर (आटे पाडलेल्या दांड्यांवर) दोन नटांनी आवळलेला. मागे फुटरेस्टच्या आसपास एक जाड बोल्ट, ज्यावर सगळं वजन टांगलेलं. बऱ्याच गाड्यांत बेंड आणि पोट एकसंध येतं, काहींत मध्ये क्लॅम्पचा जोड असतो. एवढंच.

सडतो कशाने?

लोक पावसाला दोष देतात. पाऊस बाहेरून गंज चढवतो हे खरं, पण सायलेन्सरला भोक पडतं ते बहुतेक वेळा आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटरच पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून बाहेर पडतं. थंडीत सकाळी मागच्या तोंडातून थेंब टपकताना दिसतात, ते हेच पाणी. गाडी अर्धा तास चालली तर पोट चांगलं तापतं आणि वाफ निघून जाते. घरापासून बाजार, बाजारापासून घर अशी दोन-दोन किलोमीटर चालवली तर पोट तापतच नाही. पाणी तळाशी साचतं, त्यात धुराची आम्लं मिसळतात आणि पत्रा आतून पोखरला जातो. म्हणून रोज साठ किलोमीटर पळणाऱ्या गाडीचा सायलेन्सर टिकतो आणि आजोबांची जपून वापरलेली गाडी आधी फुंकायला लागते.

याच पाण्यासाठी बऱ्याच सायलेन्सरना पोटाखाली एक बारीक भोक कंपनीतूनच ठेवलेलं असतं. नवशिक्याची पहिली चूक इथेच होते: भोक दिसलं की वेल्डिंग मारून बुजवायचं. आमच्या शेजाऱ्यांनी तेच केलं, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तळाचा पत्रा वीतभर उकलला. दोन्हींतला फरक बोटाने कळतो. ड्रिल केलेलं भोक गोल असतं, त्याची कड गुळगुळीत आणि जाड लागते. गंजाने पडलेल्या भोकाची कड वेडीवाकडी, कागदासारखी पातळ असते आणि आजूबाजूचा पत्रा नखाने खरवडला तर पापुद्रे निघतात. कंपनीच्या भोकाला हात लावू नका. उलट वर्षातून एकदा बारीक तार घालून ते मोकळं करा.

गळती नेमकी कुठे, ते शोधा

हे काम अंगणात किंवा मोकळ्या पार्किंगमध्येच करा. बंद खोलीत किंवा शटर खाली ओढून गाडी चालू ठेवायची नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. चक्कर येईपर्यंत काही कळत नाही, आणि नंतर उठायला त्राण राहत नाही. लहान मुलांना लांब ठेवा. चटका बसलाच तर त्यावर टूथपेस्ट नको, बर्फ नको, हळदही नको. वीस मिनिटं साध्या गार पाण्याच्या धारेखाली धरायचं, आणि फोड मोठा असेल तर डॉक्टर.

गाडी रात्रभर थंड झालेली असताना मेन स्टँडवर लावा आणि उजेडात फक्त बघा. धूर जिथून निसटतो तिथे काजळीचा काळा डाग पडतो. हेडच्या जोडाभोवती अ‍ॅल्युमिनियमवर काळी झाक दिसली तर पॅकिंग. पोटाच्या शिवणीवर काळी रेघ दिसली तर शिवण उकलली आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने बेंडपासून मागच्या टोकापर्यंत हलकं ठोकत जा. चांगला पत्रा 'टण' वाजतो, सडलेला 'थप' असा मेलेला आवाज देतो. तिथे टोकाने दाबलं की आत दबेल. आतून काही सैल खडखडलं तर पडदा सुटलेला आहे. त्यावर घरी इलाज नाही.

मग खात्रीची परीक्षा. जाड कापड ओलं करून चार घड्या घाला. हातात चामड्याचे मोजे घाला, थंड गाडी चालू करा आणि ते कापड सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबून धरा. सगळं घट्ट असेल तर इंजिन गुदमरल्यासारखं होऊन आवाज बसतो. कुठे वाट असेल तर तिथून स्पष्ट 'फस्स' ऐकू येतं. दुसरा माणूस कान देऊन बसला असेल तर जागा लगेच सापडते, फक्त त्याला तोंड जोडाच्या जवळ नेऊ देऊ नका. एकट्यानेच करायचं असेल तर इंजिन बंद ठेवून मागच्या तोंडातून ब्लोअरची हवा सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे जागा दाखवतात.

गाडी एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) असेल, तर आणखी एक गोष्ट बघा. तिच्या एक्झॉस्टमध्ये वायर जोडलेला ऑक्सिजन सेन्सर असतो आणि मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग. सेन्सरच्या आधी गळती असेल तर धुराच्या लाटांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि गाडी उगाच जास्त पेट्रोल सोडते. अ‍ॅव्हरेज पडतो, डॅशवर पिवळा दिवा लागतो. लोक इंजेक्टर साफ करून घेतात, पैसे जातात, आजार तसाच राहतो. सायलेन्सर उतरवण्याआधी या सेन्सरचा सॉकेट सोडवा, वायरवर वजन येऊ देऊ नका, आणि जोडाला बाथरूमचं सिलिकॉन अजिबात लावू नका. त्याच्या वाफेने सेन्सर कायमचा खराब होतो.

नट सोडवणं

सगळ्या कामात घाई न करण्याची जागा एकच, ती ही. फ्लँजचे दोन नट वर्षानुवर्षं तापून-गार होऊन, पाणी खाऊन स्टडशी एकजीव झालेले असतात, आणि स्टड बसवलेला असतो मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये. मी पहिल्यांदा हे काम काढलं तेव्हा संध्याकाळ होत आली होती, सकाळी गाडी हवी होती. पाना लावला आणि जोर दिला. नट फिरला, मला बरं वाटलं. पण तो फिरताना मऊ लागत होता, गुळाच्या पाकात चमचा फिरावा तसा. एका वेढ्यानंतर अर्धा स्टड पान्यासोबत हातात आला आणि अर्धा हेडमध्येच राहिला. तो काढायला लेथवाल्याकडे हेड न्यावं लागलं, गाडी चार दिवस उभी. त्यानंतर मी हे काम नेहमी दोन दिवसांत विभागतो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी, गाडी पूर्ण गार असताना, नटाबाहेर दिसणारे स्टडचे आटे तारेच्या ब्रशने घासून लख्ख करा. निम्मी लढाई इथेच जिंकली जाते, कारण नट बाहेर येताना याच गंजलेल्या आट्यांत अडकून स्टड पिळतो. मग गंज सोडवणारा स्प्रे मारा, नसेल तर डिझेलचे थेंब सोडा. झोपण्याआधी आणखी एकदा. तापलेल्या पाइपवर हे मारायचं नाही, पेट घेतं.

दुसऱ्या दिवशी बॉक्स पाना किंवा टी पाना घ्या. छोट्या गाड्यांना बहुतेक १० नंबर लागतो, मोठ्यांना १२. दोन बोटांचा उघडा पाना वापरलात तर नटाच्या कडा गोल होतील. आधी नट किंचित आवळल्यासारखा करा, हलकीशी 'कट' जाणवली की गंजाची पकड सुटली. मग उलटा पाव वेढा सोडा, अर्धा पाव परत आवळा, पुन्हा तेल, पुन्हा पाव वेढा. करकर आवाज येत असेल तर ठीक चाललंय. हाताला स्प्रिंगसारखं लवचीक लागलं, पाना फिरतोय पण नट फिरत नाही असं वाटलं, की तिथेच थांबा. गाडी तीन-चार मिनिटं चालवून हेड कोमट करा (सांडलेलं तेल आधी पुसून घ्या) आणि मोजे घालून पुन्हा बघा. तरीही ढिम्म हलला नाही तर गॅस असलेल्या मेकॅनिककडे न्या. न तुटलेला जाम स्टड तो पाच मिनिटांत सोडवतो.

नटासोबत अख्खा स्टडच हेडमधून बाहेर आला तर घाबरू नका, तो परत बसतो.

उतरवणं आणि पॅकिंग बदलणं

सोडण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. फ्लँजचे नट आधी, मागचा बोल्ट नंतर. आणि तो बोल्ट निघताना एका हाताने सायलेन्सर खालून धरा, नाहीतर सगळं वजन बेंडवर येऊन तो वाकतो. काही गाड्यांत फ्लँजच्या आत अर्ध्या बांगड्यांसारखे दोन तुकडे असतात. फ्लँज मागे सरकला की ते टपकन खाली पडतात आणि गॅरेजच्या कचऱ्यात हरवतात. खाली जुनी चादर पसरलेली असू द्या.

आता हेडच्या भोकात बॅटरी मारून बघा. जुनं पॅकिंग काळं होऊन तिथेच चिकटलेलं असतं आणि अगदी हेडचाच भाग वाटतं. "पॅकिंग नाहीच आहे" असं समजून नवीन वर बसवणारे बरेच असतात. मी एका गाडीतून एकावर एक बसवलेली तीन काढली आहेत. नखाने कड चाचपा. रिंग असेल तर बारीक खाच लागते. भोकात कापडाचा बोळा कोंबा, म्हणजे कचरा व्हॉल्व्हपर्यंत जाणार नाही, आणि मऊ पितळी पट्टीने किंवा बारीक स्क्रूड्रायव्हरने कडेकडेने उचलत आणा. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला तर नवीन पॅकिंगही तिथून फुंकेल. गाडी फार जुनी असेल तर पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं: ओलं करून काढा, कोरडं घासून त्याची धूळ उडवू नका. झालं की बोळा आठवणीने काढा.

पॅकिंग एकदाच वापरायचं असतं. आवळलं की ते चिरडून बसतं, तेच त्याचं काम. जुनंच पुसून परत टाकलं तर आठवडाभरात फुस-फुस सुरू. दुकानात जुनं सोबत न्या, आतला-बाहेरचा व्यास जुळवूनच घ्या.

नवीन पॅकिंग हेडमध्ये बसवताना खाली पडतं. त्याच्या मागे हरभऱ्याएवढं ग्रीस लावा, ते चिकटून राहतं. गाडी तापली की थोडा धूर होऊन जळून जाईल. स्टडच्या आट्यांना कॉपर ग्रीस लावा, पुढच्या वेळी स्वतःलाच दुवा द्याल. मग बेंड हेडला भिडवा, अर्धे तुकडे बसवा, फ्लँज सरकवा आणि नट फक्त हाताने लावा. मागचा बोल्टही हातानेच. सगळं आपापल्या जागी सैल बसलं की मग फ्लँजचे नट आवळायला घ्या: डावा अर्धा वेढा, उजवा अर्धा वेढा, आळीपाळीने, म्हणजे फ्लँज तिरका बसत नाही. मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी. आधी मागचा आवळला तर बेंड ताणात बसतो आणि काही महिन्यांत वेल्डच्या जागी तडा जातो.

किती आवळायचं, हा प्रत्येकाचा प्रश्न. १० नंबर पान्याच्या नटाला साधारण १० न्यूटन-मीटर पुरे होतात, म्हणजे आखूड पान्यावर मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. गाडी पाच मिनिटं चालवा, पूर्ण गार होऊ द्या, आणि पुन्हा एकदा पाना लावून बघा. पॅकिंग दबलेलं असतं, पाव वेढा हमखास मिळतो.

पोटाला भोक असेल तर

पहिला मोह होतो एम-सीलसारखी लांबी थापायचा. ती पाण्याच्या पाइपसाठी आहे. सायलेन्सरच्या उष्णतेत भाजून, तडकून गळून पडते. स्पेअरच्या दुकानात एक्झॉस्टसाठी वेगळी पेस्ट मिळते, ती तापली की सिमेंटसारखी कडक होते. शेंगदाण्याएवढ्या भोकापर्यंत ती चालते. आजूबाजूचा दोन बोटं पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, थिनरने पुसा, पत्रा जरा ओलसर करून पेस्ट दाबून भरा. डब्यावर लिहिलाय तितका वेळ सुकू द्या, मग गाडी न पळवता दहा मिनिटं आयडलवर ठेवा.

भोक रुपयाएवढं असेल तर वर पट्टी हवी. गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कात्रीने कापून पोटाच्या गोलाईत वाकवा, खाली पेस्ट, वर पत्रा, आणि दोन बाजूंना होज क्लिप. हे वर्षभर निघू शकतं. पण ठोकल्यावर हातभर पत्रा 'थप' वाजत असेल तर पट्ट्यांत वेळ घालवू नका. नवीन घ्या, किंवा पोट कापून दुसरं वेल्ड करून घ्या.

वेल्डिंग घरी करायचं नाही, पण सायलेन्सर स्वतः उतरवून न्या. गाडीवर ठेवून वेल्डिंग म्हणजे वीतभर वर पेट्रोलची टाकी, आणि बीएस-६ गाडीत करंटने ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) जाण्याची भीती. पत्रा पातळ असतो. ग्रिल-गेट करणाऱ्याच्या आर्क वेल्डिंगने भोक आणखी मोठं होतं. गॅस वेल्डिंग किंवा मिग (बारीक तारेचं वेल्डिंग) करणारा माणूस शोधा. पट्टीला साधा लोखंडी पत्रा द्या, जीआय (जस्ताचा थर चढवलेला) नको: जस्ताचा धूर वेल्डरला ताप आणतो, आणि जोडही नीट धरत नाही.

रंग

वेल्डिंगनंतर किंवा वरचा गंज घासल्यावर लगेच रंग द्या, आमच्याकडे एका रात्रीत लाल चढतो. साधा ऑइल पेंट जळून फुगतो. ६०० अंशांपर्यंत टिकणारा हीट-प्रूफ स्प्रे घ्या. थिनरने पुसून झाल्यावर उघड्या बोटाने शिवू नका, घामाचा ठसा रंगाखालून वर येतो. तीन पातळ हात, मध्ये पंधरा-वीस मिनिटं. हा रंग तापल्याशिवाय पक्का होत नाही: आधी दहा मिनिटं गाडी चालू, मग पूर्ण गार, मग वीस मिनिटं. थोडा धूर आणि वास येईल, येऊ द्या.

सायलेन्सर हातात आहेच तर आतली जाळी काढू, आवाज जरा भारी येईल, असं सुचवणारे मित्र भेटतात. ऐकू नका. फोर-स्ट्रोकला त्याने ताकद वाढत नाही, गल्लीतल्या तान्ह्या बाळाची झोप मात्र मोडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली दंड दहा हजारांपर्यंत जातो आणि लायसन्सही अडकतं. पुण्यात आणि इतर शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली घातलेले आपण पाहिलेत.

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गाड्यांना लोकांनी ओळीने किका मारल्या. तसं कधी करू नका. सायलेन्सरमधलं पाणी आणि गाळ एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत पोचलेला असू शकतो. आधी वरच्यासारखा सायलेन्सर उतरवा, तोंड खाली करून रात्रभर ठेवा, गाळ धुऊन काढा. इंजिन ऑइल आणि प्लग तपासल्याशिवाय किकला पाय लावायचा नाही.

एरवी देखभाल थोडीच आहे. गाडी धुताना पाइपची धार मागच्या तोंडात जाऊ देऊ नका, आणि धुतल्यावर एक लांब चक्कर मारा. आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा तास चालवा. गावी जाताना गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर सायलेन्सर गार झाल्यावर तोंडात कापडाचा बोळा घाला, उंदीर आणि कुंभारीण माशी दोघांनाही ती जागा आवडते. त्या बोळ्याला लाल फडक्याची लांब शेपटी बांधा आणि तिचं टोक हँडलला अडकवा, म्हणजे परत आल्यावर किक मारण्याआधी ती हाताला लागेल.